सराव खऱ्या दुकानावर करू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिजिटल मार्केटिंग शिकवणाऱ्या बूटकॅम्पच्या जाहिराती सध्या आपल्या गोव्यात जिकडेतिकडे दिसतात. सहा आठवड्यांत शिका, घरबसल्या कमवा, असे त्यांत लिहिलेले असते. अशाच एका बूटकॅम्पमधून मी नुकतीच बाहेर पडले. संस्थेचे नाव घेत नाही. तिथल्या शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवले आणि माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही. पण आमच्या २८ जणांच्या बॅचला जो अनुभव आला, तो पुढे फी भरणाऱ्यांना आणि असे वर्ग भरवणाऱ्यांना कळावा म्हणून हे पत्र.

मी डिचोलीची. पंधरा वर्षांहून जास्त काळ डीटीपीच्या दुकानात काम केले. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, खाणींवरच्या कंत्राटदारांची बिलबुके. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा बिलबुके गेली. मध्यंतरी थोडी आली, ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर पुन्हा गेली. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपने नेल्या. शेवटी भिशीचे पैसे हाती आले तसे १८ हजार रुपये भरून पणजीला नाव घातले. बॅचमध्ये वाळपईचा एक टॅक्सीवाला होता, पेडण्याच्या दोघी बहिणी, साखळीची एक शिवणकाम करणारी बाई, फोंड्याची नुकतीच बी. कॉम. झालेली मुलगी. मौजेखातर आलेला एकही नव्हता.

पहिल्याच आठवड्यात चार ओळींची मराठी पोस्ट लिहायची होती. मला वाटले, हे तर माझे रोजचे काम. सवयीप्रमाणे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केले आणि वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये चिकटवले. पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. इतकी वर्षे टाइपिंग केलेली बाई मी, माझ्या डोळ्यांत पाणी आले. शिकवणाऱ्यांनाही कारण सांगता येईना. शेजारी बसलेल्या फोंड्याच्या मुलीने समजावले, "ताई, जुन्या फॉन्टमध्ये 'क' नुसता दिसतो, आत तो इंग्रजी अक्षराच्याच जागेवर बसलेला असतो. युनिकोडमध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून ते कुठल्याही मोबाइलवर तसेच दिसते आणि गूगललाही सापडते." तिने माझ्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा मराठी कीबोर्ड चालू करून दिला. दोन आठवड्यांत बोटे वळली. पूर्ण बूटकॅम्पमध्ये माझ्या सर्वांत उपयोगी पडलेला धडा हाच, आणि तो अभ्यासक्रमात नव्हता.

वर्ग इंग्रजीत चालायचा. आमच्यातले बरेच जण मराठी प्राथमिक शाळेतून आलेले. ऐकलेले बहुतेक समजत होते, पण शंका विचारायला तोंड उघडत नव्हते. याचा परिणाम कसा होतो बघा. आम्हाला दिलेल्या नोट्समधली चित्रे युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सची होती, म्हणजे वेबसाइटवर किती लोक आले ते मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या साधनाची. गूगलने त्यात नवीन आकडे घेणे १ जुलै २०२३ पासून थांबवले आणि त्याच्या जागी जीए४ (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) आणले. त्याची मांडणीच वेगळी. नोट्समधले बटण पडद्यावर सापडेना. तीन दिवस प्रत्येकजण मनात म्हणत राहिला की मलाच जमत नाही, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. वर्ग सुटल्यावर बस मिळेपर्यंत आम्ही पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसायचो. तिथे हळू आवाजात कोकणी-मराठीत बोलताना उलगडा झाला, की चूक नोट्सची आहे. दुसऱ्या दिवशी वाळपईच्या टॅक्सीवाल्याने उभे राहून सांगितले. सरांनी तिथल्या तिथे मान्य केले आणि चित्रे बदलून दिली. विचारले असते तर पहिल्याच दिवशी दिली असती.

तरी माझे मुख्य गाऱ्हाणे भाषेचेही नाही. गाऱ्हाणे आहे ते सरावाचे. अ‍ॅनालिटिक्स शिकायला गूगलने स्वतःचे एक डेमो खाते खुले ठेवले आहे. टी-शर्ट, मग, पेन विकणाऱ्या त्यांच्याच दुकानाचे आकडे त्यात दिसतात. कुठले बटण कुठे आहे हे कळायला ते उत्तम आहे. पण आम्ही शेवटपर्यंत त्याच दुकानाचे आकडे बघत राहिलो. जाहिरातीचा धडाही तसाच. एका काल्पनिक बुटांच्या कंपनीसाठी जाहिरात तयार करायची, तिचे चित्र काढून पीडीएफ द्यायची, गुण मिळवायचे. ती जाहिरात कधीच कोणाला दिसली नाही. एक रुपया गेला नाही की एक गिऱ्हाईक आले नाही. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळाले, फोटो झाले. त्यानंतर मी आणि पेडण्याची धाकटी बहीण मिळून तीन ठिकाणी मुलाखतीला गेलो. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच, कोणासाठी काम केले आहे? आमच्याकडे बुटांची पीडीएफ होती.

मग आम्ही पाच जणींनी ठरवले, की नोकरीचे पुढे बघू, आधी एक खरे दुकान घेऊ. साखळीच्या बाईंच्या ओळखीचे एक काका जत्रेत खाजे, म्हणजे गुळाचा गोड खाऊ, विकतात. सगळ्या जत्रा करतात, शिरगावच्या लईराईपासून. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे आम्ही त्यांना सांगितले तर त्यांना ते ठाऊक नव्हते. ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाये, मोबायलार खाजें कोण घेतलो गो?"

त्या एका प्रश्नाने आम्हाला सहा आठवड्यांपेक्षा जास्त शिकवले. पहिला फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढला, तर खाजे जळल्यासारखे काळे दिसले. दुसरा सकाळी अंगणात केळीच्या पानावर काढला, तेव्हा गुळाची चकाकी आणि वरचे तीळ दिसू लागले. पाच जणींनी शंभर शंभर काढून ५०० रुपये जमवले आणि फेसबुकवर जाहिरात लावली. घाईत ठिकाण निवडायचे राहिले आणि ती अख्ख्या भारताला दिसू लागली. संध्याकाळपर्यंत २०० रुपये संपले. जीव नुसता कासावीस झाला. आपले पैसे गेले की ती सेटिंग जन्मात विसरत नाही. उरलेल्या ३०० रुपयांत डिचोली, म्हापसा, फोंडा एवढाच भाग घेतला आणि मजकूर मराठीतून लिहिला. अकरा जणांचे मेसेज आले, चौघांनी माल नेला. एकाने साखरपुड्यासाठी दोन किलो.

आणि आधीच्या चुकलेल्या जाहिरातीवरून पुण्याहून एक फोन आला. मूळ गाव आपल्याच तालुक्यातले, जत्रेला येणे होत नाही, खाजे पाठवाल का? तेव्हा कळले, आपले गिऱ्हाईक कोण. पण पाठवायचे म्हटले तर पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते, खाजे चिकट होते. काकांनीच तोड सांगितली, गार झाल्याशिवाय भरायचे नाही, आणि भरले की लगेच पिशवी सील करायची. कुरिअरचा खर्च धरून भाव काय लावावा, हा हिशेब आम्ही पुड्याच्या कागदावर मांडला. पहिले पार्सल गेले त्या दिवशी काका दोनदा विचारून गेले, पोहोचले का म्हणून. पोहोचले, न चिकटता. आता मुलाखतीत तोच प्रश्न विचारला की आमच्यापाशी सांगायला काहीतरी आहे. पेडण्याच्या मुलीला म्हापशातल्या एका हॉटेलचे पान सांभाळायचे काम मिळाले, तेही खाज्याचे आकडे दाखवून.

म्हणून माझी विनंती आहे. असे वर्ग चालवणाऱ्यांनी निम्मा वेळ खऱ्या दुकानासाठी राखून ठेवावा. २८ जणांना दुकाने कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक फेरी मारली तर २८ काय, शंभर मिळतील. चणेवाले, मातीची भांडी करणारे, मानकुराद आंबे विकणाऱ्या बाया. फीमधलेच प्रत्येकी पाचशे रुपये जाहिरातीच्या सरावासाठी वेगळे काढावेत. १८ हजारांत तेवढे बसतात. सरकारी पैशाने चालणारे वर्ग तरी सगळे पणजीत न भरवता वाळपई, पेडणे, काणकोण इथे भरवावेत. आमचा वाळपईचा मित्र रोज शेवटचा अर्धा तास सोडून बस गाठायचा, आणि शंकांची वेळ नेमकी तीच होती. २०२० पासून 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून नेमलेले सरकारी अधिकारी पंचायतींमध्ये जातात, स्वयंसाहाय्य गटांना ओळखतात. त्यांनी प्रशिक्षणार्थी आणि गट यांची गाठ घालून दिली, तर शिकणाऱ्याला काम मिळेल आणि गटाला गिऱ्हाईक. सर्टिफिकेट दिल्यावरही निदान तीन महिने, आठवड्यातून एकदा, केलेले काम तपासून देणारे कोणीतरी हवे. आमचे आम्ही शनिवारी डिचोलीत जमतो, पण अडल्यावर विचारायला जाणते माणूस नसते.

फी भरायला निघालेल्यांना एवढेच सांगते, की आधीच्या बॅचमधल्या दोघा-तिघांचे फोन नंबर मागून घ्या आणि त्यांनी कुणासाठी काय काम केले ते विचारा.

ज्या संस्थेची पुढची बॅच गणपतीच्या चवथीच्या आधी सुरू होणार असेल, तिला आमचे खाजेवाले काका सरावासाठी आपले दुकान द्यायला तयार आहेत. मी त्यांना विचारून ठेवले आहे.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी, डिचोली
(कृपया नाव छापू नये.)