शॉप अ‍ॅक्ट म्हणजे नावाचा सातबारा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आल्याने पंचवटीपासून त्र्यंबक रोडपर्यंत नव्या पाट्या चढू लागल्या आहेत. मिसळीची दुकाने, प्रसादाची, चिवड्याची, बेदाण्यांची पाकिटे. पाटी रंगवून होते, पाकिटे छापून येतात, आणि मग दुकानदार विचारतो, "शॉप अ‍ॅक्ट काढलाय, जीएसटीत नाव टाकलंय, म्हणजे नाव आपलंच झालं ना?" नाही झाले. नेमका हाच गैरसमज दूर व्हावा म्हणून हे पत्र.

2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. त्याच नावाचे दुकान सिडकोत किंवा साताऱ्यात आहे का, हे तिथे कोणी तपासत नाही. जीएसटीतले 'ट्रेड नेम', उद्यम प्रमाणपत्रावरचे नाव, अन्न परवान्यावरचे नाव ही सगळी आपणच लिहून दिलेली असतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाची छाननी होते खरी, पण नोंदणीकृत ट्रेडमार्कचा, म्हणजे व्यापारचिन्हाचा, मालक कंपनी कायद्याच्या कलम 16 खाली तीन वर्षांच्या आत तेही नाव बदलायला लावू शकतो. नावावर नोंदणीचा हक्क मिळतो तो 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने. आपल्या भागाचे ट्रेडमार्क रजिस्ट्रीचे कार्यालय मुंबईला अँटॉप हिलला आहे, पण तिकडे खेटे घालायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणीही व्हिडिओवर होते.

खरी चूक अर्जाच्या आधीच, नाव ठरवताना होते. 'नाशिक चिवडा' किंवा 'झणझणीत मिसळ' ही नावे ग्राहकाला लगेच कळतात, आणि म्हणूनच ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली अडकतात. मालाचे वर्णन, गुण किंवा गावाचे नाव एकट्याला बहाल होत नाही. देवादिकांच्या नावांचीही तीच गत. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले. रामकुंडाच्या गावात हे जरा जिवावर येते, पण 'पंचवटी', 'गोदावरी', 'सप्तशृंगी' अशा नावांवर मक्तेदारीची आशा धरू नये. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र तर 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीतच आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय ते व्यापारचिन्हात वापरता येत नाही. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा आणि पैठणी यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ही नावे त्या त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांची. आडनाव चालते, मात्र त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरत असेल तर त्याला रोखता येत नाही. मालाशी काडीचाही संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सगळ्यात भक्कम. तो रुळायला वेळ लागतो, एवढेच.

नाव मनात आले की पाटीवाल्याकडे जाण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो फुकट आहे. शोध मुख्यतः रोमन अक्षरांत चालतो, त्यामुळे एकच मराठी शब्द चार तऱ्हांनी टाकून पाहावा: 'व' साठी एकदा व्ही, एकदा डब्ल्यू, दीर्घ 'ई' साठी एकदा आय, एकदा दोन ई, शेवटचा ए ठेवून आणि काढून. 'फोनेटिक' हा उच्चारावरून शोधण्याचा पर्याय हमखास वापरावा, कारण आक्षेप उच्चाराच्या साम्यावरूनही येतो. यादीत एखादे नाव 'अबँडन्ड' (अर्ज सोडून दिलेले) दिसले म्हणजे मोकळे झाले असे नाही. तो माणूस बाजारात अजून तेच नाव वापरत असेल, तर आधीच्या वापराचा हक्क त्याच्याकडे राहतो.

अर्ज वर्गवार असतो. एकूण 45 वर्ग, त्यातले 1 ते 34 मालाचे, 35 ते 45 सेवांचे. आपल्या द्राक्षाचेच पाहा. ताजी द्राक्षे 31 मध्ये, बेदाणे 29 मध्ये, रस 32 मध्ये, वाइन 33 मध्ये. बेदाण्यांसाठी 31 वर्गात अर्ज केला तर पैसे भरूनही बेदाण्यांना संरक्षण नाही. मिसळीचे दुकान 43 मध्ये येते आणि त्याच नावाने विकायच्या मसाल्याची पाकिटे 30 मध्ये. फी प्रत्येक वर्गाची वेगळी: व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला लघुउद्योग असेल तर ऑनलाइन 4,500 रुपये, इतरांना 9,000. एकल मालकाचा अर्ज व्यक्तीच्याच नावाने होतो, त्यामुळे त्याला 4,500. भागीदारी संस्थेने मात्र मोफत मिळणारे उद्यम प्रमाणपत्र आधी काढावे, नाहीतर दुप्पट भुर्दंड. वकिलाची किंवा एजंटची फी याखेरीज. पावती मागताना सरकारी फी आणि त्यांची फी वेगवेगळी लिहून घ्यावी.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी शब्दाचा अर्ज करावा, लोगोचा मागाहून. शब्द नोंदला की अक्षरांची वळणे आणि रंग बदलले तरी चालते. लोगो नोंदला आणि दोन वर्षांनी तो बदलला, तर नवा अर्ज आला. लोगोचाच अर्ज असेल तर चित्र 8 बाय 8 सेंटिमीटरमध्ये बसवावे आणि ज्याने काढले त्याच्याकडून त्यावरचे हक्क लेखी घ्यावेत. देवनागरी मराठी शब्द असेल तर त्याचे लिप्यंतर आणि अर्थ अर्जात द्यायचा असतो. राज्यात दुकानाची पाटी मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही अशी लागते. तेव्हा फक्त इंग्रजी लोगो नोंदवून दारावर भलतेच लावण्यापेक्षा दोन्ही लिपींचा विचार एकदमच केलेला बरा.

अर्जात 'कधीपासून वापर' हा रकाना असतो. इथे आजोबांच्या काळातली तारीख टाकण्याचा मोह होतो. मागची तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि त्या काळाचे पुरावे जोडावे लागतात, आणि पुराव्यावर तेच नाव दिसायला हवे. बिलावर मालकाचे नाव आणि पाकिटावर ब्रँड, असे असेल तर ते बिल फारसे कामाचे नाही. जुनी छापील पाकिटे, छापखान्याची बिले, वर्तमानपत्रातल्या जाहिराती जपून ठेवाव्यात. पुरावा नसेल तर 'वापर करण्याचा इरादा' हाच पर्याय निवडावा.

अर्ज भरला की नावापुढे टीएम लावता येते. वर्तुळातला आर नोंदणी झाल्यावरच. आधी लावला तर तो कायद्याने दंडनीय आहे, आणि शहरातल्या कितीतरी पाकिटांवर तो बिनदिक्कत छापलेला दिसतो.

पुढे ऑनलाइन 'ऑब्जेक्टेड' असे दिसले की लोक हातपाय गाळतात. वास्तविक तो नकार नाही, तपासणी अहवालातला आक्षेप आहे. अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर दिले नाही तर मात्र अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पुष्कळ अर्ज इथेच मरतात, आणि कारण क्षुल्लक असते: अर्जात ईमेल एजंटचा, एजंटचे काम बंद, अहवाल कोणी उघडलाच नाही. स्वतःचा ईमेल द्यावा आणि अर्ज क्रमांक टाकून दर पंधरा दिवसांनी स्थिती स्वतः पाहावी. आक्षेप निस्तरला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येते. जर्नल दर सोमवारी निघते. त्यानंतर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोधाची नोटीस आली तर प्रतिनिवेदनाला, म्हणजे लेखी उत्तराला, दोन महिने, तीही मुदत चुकली की अर्ज गेला. याच काळात 'प्रकाशन शुल्क भरा' अशी सरकारी वाटणारी पत्रे येतात, त्यांच्या नादी लागू नये. या टप्प्यावर असे कोणतेही वेगळे शुल्क नसते.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते. नूतनीकरण ऑनलाइन 9,000 रुपये प्रतिवर्ग, मुदत उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत 4,500 जादा. नोंदवून पाच वर्षे वापरलेच नाही, तर दुसरा कोणी ते रद्द करायला लावू शकतो.

आणखी एक, जे बोलायला घरात कोणी तयार नसते. भाऊ वेगळे होतात तेव्हा वाटणीपत्रात गाळा येतो, भट्टी येते, उधारीची वहीसुद्धा येते, नाव तेवढे राहून जाते. मग एकाच रस्त्यावर 'जुने', 'मूळ' आणि 'अस्सल' अशा तीन पाट्या. नाव कोणाकडे, हे वाटणीपत्रात एका ओळीत लिहावे आणि नोंदणी असेल तर हस्तांतराची नोंद रजिस्ट्रीत करून घ्यावी.

जिल्हा उद्योग केंद्राने आणि सातपूर-अंबडच्या उद्योजक संघटनांनी सिंहस्थाआधी निदान महिन्यातून एक दिवस संगणक मांडून नाव शोधून देण्याची सोय करावी. एका नावाला अर्धा तास पुरतो, आणि छापलेली पाकिटे रद्दीत घालण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आपला,
ट्रेडमार्कची कामे करणारा एक वाचक, नाशिक