मराठी वृत्तस्थळांची फीड कोण तपासते?

महोदय,

अनेक मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर आरएसएस फीड असते, म्हणजे ताज्या बातम्यांची शीर्षके, सारांश आणि दुवे देणारी, संगणकाला वाचता येणारी फाइल. जाहिराती, पॉपअप टाळून फक्त बातम्या वाचू इच्छिणाऱ्यांना ती मोठा आधार आहे. मात्र ती एकदा सुरू केली की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, असे तिच्या अवस्थेवरून वाटते.

फीड वाचण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेत 'फीडपार्सर' ही लायब्ररी (तयार कोडचा संच) सर्रास वापरतात. मार्क पिलग्रिम यांनी ती २००२ मध्ये सुरू केली. शीर्षकात '&' तसाच राहून एक्सएमएल (फीड ज्या स्वरूपात लिहितात ते) बिघडले, तरी ती 'बोझो' ही बिघाडाची खूण १ करते आणि जमेल तेवढा मजकूर काढून देते. पण काही चुकांपुढे तिचाही इलाज चालत नाही.

त्यातली मराठीला सर्वांत नडणारी चूक सारांश कापण्याची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'कि' म्हणजे क आणि वेलांटी, एकूण ६. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेतल्या, बाइट मोजून कापणाऱ्या साध्या 'सबस्ट्र'ने ५०० बाइटांवर मजकूर तोडला की चिन्ह अर्ध्यावर तुटू शकते. मग अख्खी फाइल वैध यूटीएफ-८ राहत नाही. फीड वाचणारा पार्सर अक्षरे साठवण्याची दुसरी पद्धत लावून पाहतो आणि एका बातमीपायी सगळ्याच बातम्या अगम्य चिन्हांत उमटतात. बाइटांऐवजी चिन्हे मोजणाऱ्या 'एमबी_सबस्ट्र'ने फाइल बिघडत नाही, पण 'कि'चा 'क' होण्याची भीती राहतेच. मर्यादेच्या आत शेवटची मोकळी जागा येईल तिथे कापणे सर्वांत बरे.

तारखेचेही तसेच. वार आणि महिना इंग्रजी संक्षेपातच हवेत, वेळेपुढे भारतीय वेळेचे '+०५३०' हवे (अंक अर्थातच इंग्रजी). हे कालक्षेत्र लिहिलेच नाही, तर वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते आणि सकाळी ९ ची बातमी दुपारी अडीचची ठरते. तारीख मराठीत लिहिली तर ती वाचताच येत नाही आणि बातम्यांचा क्रम कोलमडतो.

प्रत्येक बातमीची 'जीयूआयडी', म्हणजे तिची स्वतंत्र ओळखखूण, कायम राहायला हवी. शीर्षक सुधारले की दुवा बदलतो, दुवाच जीयूआयडी असेल तर तीही बदलते, आणि वाचकाला तीच बातमी पुन्हा नवी म्हणून दिसते. त्याऐवजी डेटाबेसमधला क्रमांक द्यावा आणि ही खूण म्हणजे दुवा नव्हे हे सांगण्यासाठी 'इजपर्मालिंक' फॉल्स ठेवावे. सर्व्हरने ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) दिला आणि वाचकाच्या बाजूने तो पुढच्या वेळी परत पाठवला, तर काही बदलले नसताना ३०४ ('बदल नाही') एवढेच उत्तर जाते. दोन्ही बाजूंच्या डेटाची बचत होते.

आपल्या तांत्रिक विभागाला कळकळीची विनंती: फीड रोज एकदा फीडपार्सरमधून काढा. बोझो ० आहे ना, प्रत्येक नोंदीची 'पब्लिश्ड_पार्स्ड' (वाचता आलेली तारीख) रिकामी नाही ना, एकच आयडी दोनदा आलेली नाही ना, एवढे पाहणारी स्क्रिप्ट जेमतेम वीसेक ओळींची होते.

आपला,
एक वाचक, पुणे