तुझ्या गोष्टीची कादंबरी करू नकोस

मिरज, रविवार दुपार

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू म्हणालीस की प्रकाशकांनी सांगितलं, कथा चांगल्या आहेत पण कथासंग्रह खपत नाहीत, त्या शिलाई मशीनच्या गोष्टीची कादंबरी होत असेल तर बघू, आणि तू तसा विचार करतेयस. ते ऐकल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाहीये गं. तेव्हा बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय.

तुझी ती गोष्ट अकरा पानांची आहे. सासू गेली, मशीन विकायचं ठरलं, खाली टेम्पो येऊन उभा राहिला आणि सून दोरा न ओवताच नुसती पायडल मारत बसलीय. बस, एवढंच. दोघींचं आपसात काय होतं ते तू एका शब्दानं सांगत नाहीस आणि तरी मला सगळं कळतं. आता याची दीडशे पानं करायची म्हणजे सासूचं माहेर आलं, दिराशी वाटणीचं भांडण आलं, सुनेची नोकरी आली, आणि त्या सगळ्या गलबल्यात पायडलचा आवाज कुठे ऐकू येणार सांग ना. कादंबरी लिहायची तर खुशाल लिही, पण कादंबरीचा म्हणून जो विषय सुचेल त्याची लिही.

कथा म्हणजे कादंबरीच्या आधीची प्रॅक्टिस, असं आपल्याकडे लोक अगदी सहज बोलतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. जी. ए. कुलकर्णींनी आयुष्यभर कथाच लिहिल्या ना, भाषांतरं केली ती वेगळी, पण स्वतःची कादंबरी काही लिहिली नाही, म्हणून ते कुठे कमी पडले का? गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी नवकथा, म्हणजे घटनांपेक्षा माणसाच्या मनात शिरणारी कथा, आणली आणि मराठी गद्याचं वळणच बदललं. आणि अगदी अलीकडचं बघ, साहित्य अकादमी 2012 ला जयंत पवारांना, 2016 ला आसाराम लोमटेंना, 2021 ला किरण गुरवांना मिळाली, तिघांनाही कथासंग्रहासाठी. तरीही मागच्या महिन्यात दुकानात जाऊन कथासंग्रह मागितले तर तो मुलगा म्हणाला, मॅडम ऑर्डर द्यावी लागेल, आणि समोर मात्र यशस्वी कसं व्हायचं त्या पुस्तकांचा ढीग.

मला वाटतं चूक आपली वाचणाऱ्यांचीच जास्त आहे. 1909 ला का. र. मित्रांनी त्यांच्या मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत कथा वाचतोय, कौतुकही करतो, पण तुळशीचं लग्न झालं की विसरतो. लेखकाचं नावसुद्धा आठवत नाही आपल्याला. आमच्या लायब्ररीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, मार्चपर्यंत अंक फिरून फिरून कव्हर सुटतात आणि मग ते रद्दीत जातात. गेल्या वर्षी मी त्यातलेच चार जुने अंक किलोच्या भावानं आणले. एकाच्या अनुक्रमणिकेत कुणीतरी पेन्सिलनं एका कथेपुढे बरोबरची खूण केली होती आणि बाजूला बारीक अक्षरात 'परत वाचणे' असं लिहिलं होतं. कोण असेल गं ती व्यक्ती? तिनं परत वाचली असेल का? मी वाचली, दोनदा वाचली, आणि त्याच रात्री लेखिकेचा पत्ता शोधून तिला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, की ती कथा छापून आल्याला दोन वर्षं झाली आणि तुमचं हे पहिलंच पत्र. मला इतकं वाईट वाटलं ना.

सत्यकथा मासिकाच्या काळात तिथले संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्रं लिहायचे, कुठे काय खटकतंय ते कळवायचे, आणि त्यातून कथा घडायची. ते मासिक 1982 ला बंद झालं. आता तसा संपादक मिळणं अवघड आहे, पण निदान तसा वाचक तरी व्हायला काय हरकत आहे आपल्याला? म्हणून मी ठरवलंय, महिन्याला एक कथासंग्रह विकत घ्यायचा, आवडलेल्या एका कथेबद्दल लेखकाला कळवायचं, आणि संध्याकाळी एक कथा आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला वाचायला त्रास होतो.

परवा बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचली. त्या नावाचा संग्रह 1963 चा आहे. आई मेथी निवडत होती. नोकरीसाठी परगावी गेलेला तो मुलगा, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, तिथपर्यंत तिचे हात चालू होते. मग थांबले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही. संपल्यावर ती काहीच बोलली नाही, जुडी तशीच मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता एकदम म्हणाली, त्या पोराला जपायला हवं होतं गं कुणीतरी. वीस-पंचवीस मिनिटांचं वाचन, पण रात्रभर तो पोरगा आमच्या घरात होता बघ.

तुझी मशीनची गोष्ट मी तिला नुसती सांगितलीय, वाचून दाखवली नाहीये. तिच्याकडेही आजीचं मशीन आहे, माळ्यावर, तुला माहितीये. मोबाईलवर वाचायला मला नको वाटतं, तर प्लीज प्रिंट काढून कुरिअर कर, अक्षर मोठं ठेव, म्हणजे मधली दोन पानं तरी ती स्वतः वाचेल. आणि जी आहे तीच पाठव, अकरा पानांची.

तुझी,
मीनू