नाशिकच्या रोजेदारांना नाशिकचीच वेळ हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रमजानच्या महिन्यात सेहरी (रोजापूर्वीचे पहाटेचे खाणे) आणि इफ्तारच्या (संध्याकाळी रोजा सोडण्याच्या) वेळा छापण्याची आपल्याकडच्या वर्तमानपत्रांची प्रथा चांगली आहे आणि आमच्यासारख्या कुटुंबांना तिचा रोज उपयोग होतो. मात्र 2025 च्या रमजानमध्ये आमच्याकडे येणाऱ्या एका दैनिकाने पहिले तीन दिवस मुंबईच्याच वेळा नाशिकच्या म्हणून छापल्या. चौथ्या दिवशी चूक दुरुस्त झाली, पण खुलासा आला नाही. तीन-चार मिनिटांनी काय बिघडते, असे अनेकांना वाटेल, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. एका रेखांशाला चार मिनिटे, हे गणित मुलांकडून दरवर्षी करून घेते. नाशिक मुंबईच्या पूर्वेला जवळपास एक रेखांश आहे, त्यामुळे मार्चमध्ये आपल्याकडे पहाट आणि सूर्यास्त दोन्ही मुंबईपेक्षा साधारण तीन ते चार मिनिटे आधी होतात. संध्याकाळी मुंबईच्या वेळेवर रोजा सोडला तर एवढेच होते की थोडे जास्त थांबावे लागते. पहाटे मात्र गोष्ट वेगळी आहे, कारण सेहरीची वेळ संपल्यावर घेतलेला पाण्याचा एक घोटही रोजा मोडू शकतो.

माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. गेली कित्येक वर्षे त्यांची एक सवय आहे. सेहरीचे जेवण ते लवकर उरकतात आणि मग पाण्याने भरलेला स्टीलचा पेला समोर ठेवून, कात्रण आणि घड्याळ शेजारी मांडून बसतात. वेळ संपायला एक मिनिट उरले की बिस्मिल्लाह म्हणून ते पाणी सावकाश तीन घोटांत पितात. दिवसभरातले तेच त्यांचे शेवटचे पाणी असते. चौथ्या दिवशी बदललेल्या वेळा पाहून त्यांनी मशिदीचे वक्तपत्रक, म्हणजे नमाज-रोजाच्या वेळांचा तक्ता, मागवले, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांनी इमामसाहेबांना विचारले. वक्तपत्रकात एहतियात (खबरदारी) म्हणून काही मिनिटे राखलेली असतात, तरीही मनातली शंका जात नसेल तर कजा ठेवावी, म्हणजे ते रोजे नंतर पुन्हा ठेवावेत, असे इमामसाहेबांनी सांगितले. शंका गेली नाही. ईदनंतर एप्रिलच्या उन्हात, घरातले बाकी सगळे जेवत-खात असताना, या वयात त्यांनी तीन रोजे पुन्हा ठेवले. कोणाबद्दल एक शब्दही ते बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन पडलेले मी त्यांना पाहिले आहे, आणि मला ते अजून विसरता येत नाही.

आमच्या घरातला हा संपूर्ण महिना मिनिटांवर उभा असतो. मी पावणेचारला उठते. शक्य झाले तर आधी तहज्जुदची (रात्रीच्या शेवटच्या प्रहरातली ऐच्छिक) नमाज, मग स्वयंपाकघर. सेहरीला पंचपक्वान्ने असतात हा गैरसमज आहे. आमच्याकडे पोळ्या, रात्रीची भाजी, दही, केळे आणि कधी दूध-फेणी एवढेच असते, कारण तळलेले आणि खारट खाल्ले तर दुपारी तहान सोसत नाही. सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान खाणेपिणे थांबते, रोजाची नियत (संकल्प) होते, फजरची (पहाटेची) नमाज होते आणि त्यानंतर प्रत्येक जण कुराणाच्या आपापल्या वाट्याचे वाचन करतो. कुराणाचे तीस पारे (भाग) आहेत आणि महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा, म्हणून रोज साधारण एक पारा वाचला की ईदपर्यंत कुराण पूर्ण होते. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिन घेतात, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोजे बंद केले आहेत. कुराणातच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. बरे होण्याची आशा नसलेल्यांनी दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे असते. त्या प्रत्येक दिवसाचा फिदया सासूबाई स्वतःच्या हाताने बाजूला काढतात आणि पारा मात्र आमच्या सगळ्यांच्या आधी संपवतात.

त्या वर्षी मुलीची दहावी होती. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो. रोजा ठेवून ती अकराच्या पेपरला गेली. मला काळजी होती, पण तिने माझ्याकडून फक्त एक कबूल करून घेतले, की परत आल्यावर लगेच पेपर कसा गेला असे विचारायचे नाही, आधी जोहरची (दुपारची) नमाज होऊ द्यायची. रोजा नुसता पोटाचा नसतो. खोटे बोलणे ज्याने सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस (पैगंबरांचे वचन) आहे. आमच्या घरात तरी सर्वांत कठीण रोजा जिभेचाच ठरतो, कारण दुपारी चारनंतर डोके दुखू लागते आणि शब्द तोंडातून निसटतात.

असरच्या (तिसऱ्या प्रहरच्या) नमाजेनंतर इफ्तारची तयारी सुरू होते. रोजात चव घेण्याचे मी टाळते, त्यामुळे मीठ अंदाजाने पडते. हे शेजारच्या काकूंच्या लक्षात आले तेव्हापासून साडेपाचच्या सुमारास त्या दारात येतात, तळहातावर थेंबभर रस्सा घेतात आणि "थोडं घाल" किंवा "आता पुरे" एवढे सांगून जातात. त्या स्वतः एकादशी निर्जळी करतात, त्यामुळे पाण्याविना दिवस काय असतो हे त्यांना मी सांगावे लागत नाही.

पावणेसातच्या आसपास सगळे ताटाभोवती बसतात. खजूर, निफाडकडची द्राक्षे, कलिंगडाच्या फोडी आणि भजी समोर असतात आणि कोणीही हात लावत नाही. नऊ वर्षांच्या धाकट्यावर रोजा फर्ज (बंधनकारक) नाही, पण त्या दोन मिनिटांत तोही खजूर बोटांत धरून स्तब्ध बसतो. ती वेळ दुआची (प्रार्थनेची) असते आणि घरात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. माझे पती अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करतात. दुसरी पाळी असली की ते डब्यातले तीन खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन यंत्राशेजारीच रोजा सोडतात आणि तेवढ्या दहा मिनिटांपुरते शेजारचे सहकारी त्यांचे यंत्र सांभाळतात.

रात्री इशाच्या नमाजेनंतर तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या खास नमाजेच्या, वीस रकात (आवर्तने) होतात. पुरुष मशिदीत जातात, आम्ही घरी पढतो. 2020 च्या टाळेबंदीत मशिदी बंद होत्या, तेव्हा महिनाभर बाहेरच्या खोलीत चादरी अंथरून सासऱ्यांनी आम्हाला तरावीह पढवली. ते हाफिज (कुराण मुखोद्गत असलेले) नाहीत, त्यामुळे कुराणातल्या शेवटच्या दहा छोट्या सूरह (अध्याय) दोनदा पढून वीस रकात पूर्ण होत. त्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण एका मागे एक उभे राहत होतो, आणि मुले आजही त्या रमजानची आठवण काढतात.

जकातीचा, म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या दानाचा, हिशोबही याच महिन्यात होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. फितरा (ईदचे दान) तर घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळाचासुद्धा, ईदच्या नमाजेपूर्वी द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी शिरखुर्मा होतो.

यातले फारसे काही छापून येत नाही. दूध बाजारातल्या कढया, कबाबांच्या शेगड्या आणि शेवटी त्र्यंबक रस्त्यावरच्या शहाजहाँनी ईदगाहवरची ईदची गळाभेट, एवढीच छायाचित्रे दरवर्षी येतात. तीही खरी आहेत आणि बाजारातल्या त्या माणसांची वर्षाची कमाई त्यात असते, त्यामुळे ती येऊ नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण बाजाराचीच छायाचित्रे पाहून माझ्या एका सहकारी बाईंनी मला अगदी मनापासून विचारले, "तुमचा हा महिना खाण्याचाच असतो ना?" मला वाईट वाटले, पण त्यांचा दोष नव्हता. त्यांनी तेवढेच पाहिले होते.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे. पुढच्या रमजानपूर्वी शहरातल्या एखाद्या जाणत्या मशिदीकडून वक्तपत्रक घ्यावे, चौकटीवर "नाशिक" असे स्पष्ट छापावे आणि मालेगावच्या वाचकांसाठी वेळ वेगळी द्यावी, कारण तिथे सूर्य आपल्यापेक्षाही तीन मिनिटे आधी मावळतो. चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी खुलासा द्यावा, म्हणजे कोणाला कजा ठेवायची असेल तर ठेवता येईल. आणि रमजानवर लिहिण्यासाठी प्रतिनिधी पाठवणार असाल, तर त्यांना एक दिवस संध्याकाळऐवजी पहाटे चारला पाठवा. आमच्या घरी दिवा लागलेला असेल आणि पोळ्या तव्यावर असतील.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, वडाळा रस्ता, नाशिक