बी.पी.एड.च्या मैदानावरून मित्रास पत्र

अमरावती

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वाणिज्य शाखेची पदवी हातात असताना बी.पी.एड.साठी, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी, आणखी दोन वर्षे देऊन मी इथे नेमके काय शिकतो आहे, हा तुझा प्रश्न मला आवडला, कारण घरच्यांनीही तो कधी विचारला नाही. खेळाडू मुलाने खेळाचा अभ्यासक्रम निवडला, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. प्रत्यक्षात इथे स्वतः खेळण्याचा वाटा बेताचाच आहे. जे मूल खेळत नाही, खेळायला लाजते, किंवा चुकीच्या पद्धतीने खेळून स्वतःला दुखापत करून घेते, त्याला कसे शिकवायचे याचे हे शिक्षण आहे.

सकाळी प्रात्यक्षिके, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी पुन्हा मैदान, असा दिनक्रम असतो. आतापर्यंत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते धावमार्गाच्या आखणीने. चारशे मीटरच्या प्रमाण मार्गाच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. हिशेब करून पाहिलास तर बेरीज चारशे भरणार नाही, कारण धावणारा अगदी कडेला चिकटून धावत नाही. म्हणून पहिल्या लेनची लांबी आतल्या उंच कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात आणि बाकीच्या लेनची रेघेपासून २० सेंटिमीटरवर. लेन १.२२ मीटर रुंद असली, तर चारशे मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनमधला धावपटू ७.०४ मीटर पुढे उभा राहतो आणि त्यापुढचा प्रत्येक जण आणखी ७.६७ मीटर. आमच्या मैदानाला उंच कडा नाही, नुसती चुन्याची रेघ आहे. त्यामुळे पहिली लेनही २० सेंटिमीटरवरच मोजावी लागते, त्रिज्या १० सेंटिमीटरने वाढवावी लागते आणि दुसऱ्या लेनचे अंतरही ७.६७ मीटर होते. मध्यबिंदूवर खुंटी ठोकून, पोलादी टेप ताणून आम्ही जोडीजोडीने वळण आखतो. सुती दोरी सर हातात घेऊ देत नाहीत, कारण ती ताणली की लांबते, आणि आखणीतल्या एवढ्याशा फरकाने तालुक्याच्या निवड स्पर्धेत एखाद्या मुलाची संधी जाऊ शकते. शाळेत असताना आदल्या संध्याकाळी कुणीतरी मारून ठेवलेल्या रेघांवरून आपण धावत होतो, त्यामागे इतका विचार असतो हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते.

शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय कठीण आहेत, पण माझ्या दृष्टीने अभ्यासक्रमाचा कणा तेच आहेत. एकच उदाहरण देतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा धावल्यावर गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणून बसतो, आणि बहुतेक शिक्षक त्याला कामचुकार ठरवतात. वास्तविक वाढीच्या वयात मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ नडगीच्या हाडावर जिथे येते, तिथला भाग अजून कोवळा असतो. सततच्या उड्या आणि धावण्याने तो दुखू लागतो, कधी तिथे टेंगूळही येते. या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, आणि उड्यांचे प्रमाण काही काळ कमी केले की बहुतेक मुलांचे ते वाढ पूर्ण होईपर्यंत आपोआप थांबते. ज्याला हे माहीत आहे तो त्या मुलाला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणार नाही. मिलिंद, मला या पदवीचे मोल वाटते ते इथे.

सराव पाठांसाठी आम्हाला जवळच्या शाळांमध्ये पाठवतात. आदल्या दिवशी पाठ टाचण काढायचे, त्यात उद्दिष्टे, साहित्य, मुलांची रचना आणि आज्ञा हे सारे लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर तासिका घ्यायची. लेझीमचा पाठ असला तर चार आवाज, एक जागा, पवित्रा असे प्रकार क्रमाने बसवावे लागतात. गोळाफेकीच्या पाठात एका सहाध्यायाने पाऊण वर्गाला चेंडूसारखा गोळा फेकू दिला. सरांनी पाठ थांबवला नाही, नंतर शांतपणे एवढेच दाखवले की गोळा मानेपासून सुटला आणि कोपर खांद्याच्या खाली आले की सारा भार कोपरावर येतो. तेव्हापासून मी मुलांकडे पाहतो तेव्हा गोळा कुठे पडला याआधी कोपर कुठे होते हे पाहतो.

शाळांमधली अवस्था मात्र मनाला लागते. एका शाळेत आमच्या पाठाच्या वेळी गणिताचा जादा तास ठेवला होता आणि आम्हाला पटांगणाच्या कडेला तासभर थांबायला सांगितले. खेळाची तासिका म्हणजे इतर विषयांसाठी राखून ठेवलेला वेळ, असा समज अजूनही पक्का आहे, आणि हे या शहरात घडावे याचे मला विशेष दुःख होते. इथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली होती.

नोकरीचे विचारले आहेस. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होण्यासाठी बी.पी.एड. लागते, महाविद्यालयासाठी पुढे एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी आणि नेटसारखी पात्रता परीक्षा, ज्याला एकाच खेळाचा प्रशिक्षक व्हायचे आहे त्याने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका करावी. जागा कमी आणि उमेदवार पुष्कळ, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरीही माझी निवड शाळेचीच आहे.

पुढच्या सत्रात शालेय अनुभवासाठी मला एका गावातली शाळा मिळाली आहे. तिथे मुलींचा खो-खो संघ उभा करण्याचे मी ठरवले आहे. २७ बाय १६ मीटरची जागा आणि दोन खांब एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुली जिंकल्यापासून पालकांशी बोलणेही सोपे झाले आहे. मुख्याध्यापकांकडे आठवड्याला दोन तासिका मागितल्या आहेत. त्यांनी सध्या एक दिली आहे, दुसरीसाठी मी सोमवारी पुन्हा भेटणार आहे.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश