ज्ञानगंगेत वाघच कशाला पाहिजे?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत उन्हाळी जंगल सफारीचं पान आलं होतं, त्यात ताडोबा, पेंच, मेळघाट सगळे आले पण आमच्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याला एक ओळ नाही. वाघासाठी प्रसिद्ध नाही म्हणून वगळलं असेल तर जरा बोलायचंय.

वाघ आला होता की! २०१९ मधे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो वॉकर नावाचा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेलंगणात फिरून १३०० किमीच्या वर चालत इथे येऊन थांबला. पेपरात फोटो आले, त्याच्यासाठी वाघीण आणून सोडायची का यावर चर्चा पण झाली आणि तेव्हापासून जो तो गाईडला पहिला प्रश्न हाच विचारतो, वाघ दिसेल का.

अहो, हे जंगल अस्वलांचं आहे. अजिंठ्याच्या डोंगरातला हा २०५ चौ. किमीचा कोरडा दगडाळ भाग, मे महिन्यात साग-सालई नुसत्या काटक्या, लोक म्हणतात उजाड आहे काय बघायचं. पण उजाड आहे म्हणूनच तर दिसतं ना! पानं नाहीत त्यामुळे लांबच्या टेकाडावरचं रोही (नीलगाय) पण नजरेत येतं आणि पाणी मोजक्याच ठिकाणी, मग सगळे पाणवठ्यावरच येतात.

आम्ही गेलो तेव्हा अस्वल वारूळ फोडत होतं. नख्यांनी माती उकरली, तोंड आत खुपसलं, फुर्रकन धूळ उडवली आणि मग वाळवी ओढायला लागलं, आवाज असा की सायकलच्या पंपाने कोणी जोरजोरात हवा भरतंय. वरचे मधले दोन दात नसतातच त्याला, त्या फटीतून ओढतं. आम्ही बघतच बसलो. तेवढ्यात मागून एक गाडी आली, आतले म्हणाले "अस्वलच आहे, चला पुढे" आणि हॉर्न वाजवून निघून गेले, अस्वल पण गेलं. काय बोलणार!

दुसरं म्हणजे बुलढाणा-खामगाव रस्ता. बोथ्याच्या, म्हणजे याच अभयारण्याच्या जंगलातूनच जातो तो, पण लोक हायवेसारख्या गाड्या पळवतात, थांबले तर माकडांना बिस्किटं टाकतात आणि काही तर सेल्फीसाठी खाली उतरतात. पिल्लू पाठीवर घेतलेली अस्वलीण समोर आली की पळता भुई थोडी होईल, तिला वाघापेक्षा जास्त घाबरावं असं गावातले लोक सांगतात ते उगाच नाही.

तर पुढच्या उन्हाळ्यात पान काढाल तेव्हा ज्ञानगंगेला थोडी जागा द्या, आणि फोटो अस्वलाचाच छापा, वॉकरचा नको.

– एक नियमित वाचक, बुलढाणा