तीन दगड आणि न नांगरलेली जागा

आदरणीय आबा,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, हे मला ठाऊक आहे. तरीही ते मी चारचौघांनी वाचावे अशा रीतीने उघडपणे लिहीत आहे, कारण तुम्ही जे केलेत ते तुमच्या-माझ्यापुरतेच राहावे असे मला वाटत नाही. समोर येऊन बोलले असते, तर "त्यात काय एवढं, बाई" असे म्हणून तुम्ही मला बोलूच दिले नसते.

परवा पहाटे मी सतरा दिवसांनी तुमच्या रानात आले. बहिणीच्या आजारपणामुळे मी लातूरला अडकले होते. या दिवसांत उन्हाळी नांगरट होणार हे माहीत असूनही मी तुम्हाला एक फोन केला नव्हता. खरे म्हणजे करायचा धीर झाला नव्हता. भाड्याचा ट्रॅक्टर एकदा रानात उतरला की त्याला पुढचे रान गाठायचे असते, आणि एका निवृत्त शिक्षिकेच्या कॅमेऱ्यासाठी त्याने थांबावे असे कोणत्या तोंडाने सांगायचे? विजेरीच्या उजेडात पलटी नांगराने उलथलेली ढेकळे दिसली, तेव्हा रोज सकाळी छायाचित्र घेण्याची माझी चार वर्षांची जागा गेली असे मनाशी धरूनच मी लिंबापासून पावले मोजू लागले. अकराव्या पावलाला पायाखाली ढेकूळ लागले नाही. एखादे गोणपाट अंथरावे एवढी जागा तशीच होती, सपाट आणि तुडवलेली. नांगराची तासे तिच्या कडेने वळून गेली होती. माझ्या ट्रायपॉडचे पाय जिथे टेकतात त्या तीन खळग्यांत तीन दगड ठेवलेले होते, वावटळीत माती उडून ते बुजू नयेत म्हणून.

मी तिथेच खाली बसले. त्या दिवसाच्या छायाचित्रात सूर्य बराच वर आलेला दिसतो. वहीत रोजच्या वेळेपुढे एरवी मी उशिराचे कारण लिहिते. त्या दिवशी लिहिलेले नाही.

ट्रॅक्टरवाल्या मुलाने मला नंतर सांगितले की, त्याला नुसते सांगून तुमचे समाधान झाले नाही. नांगर चारी बाजूंनी वळून जाईपर्यंत मे महिन्याच्या उन्हात तुम्ही स्वतः त्या जागेवर उभे राहिलात. आबा, माझ्या कामासाठी आजवर कुणी असे उभे राहिले नव्हते.

ही गोणपाटाएवढी जागा एवढी मोलाची का, हे वाचणाऱ्यांना सांगितले पाहिजे. मी रोज सकाळी एकाच ठिकाणाहून, एकाच उंचीवरून, एकाच पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून पूर्वेकडचे तेच माळरान टिपते. समोर तुमच्या नाल्याकाठची बाभूळ आहे आणि तिच्यामागे, कोसभर दूर, बालाघाटाच्या रांगेतली खिंड. या जागेवरून बाभळीचा शेंडा नेमका खिंडीत बसतो. दोन विती डावी-उजवीकडे सरकले तरी जवळची बाभूळ दूरच्या डोंगरावरून घसरते आणि कालचे चित्र आजच्या चित्रावर बसत नाही. मग बदलले काय, ऋतू की माझे पाय, हे सांगता येत नाही. जागा पक्की असली की मात्र सूर्यसुद्धा हिशेब देतो. आपल्या भागात डिसेंबरातला सूर्योदय आणि जूनमधला सूर्योदय यांच्यात क्षितिजावर सुमारे ५० अंशांचे अंतर पडते; हिवाळ्यात तो खिंडीच्या उजवीकडे, पवनचक्क्यांच्या बाजूला उगवतो आणि मृगाच्या सुमारास डावीकडे टोकाला गेलेला असतो. हे मी शाळेत तीस वर्षे फळ्यावर काढून शिकवले, पण पाहिले ते तुमच्या रानात उभी राहून.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका बांधावर चौदा महिने उभी राहत होते. जमिनीच्या मालकांनी आधी हो म्हटले होते. पुढे कुणीतरी त्यांच्या मनात भरवले की बाई पवनचक्कीवाल्यांसाठी मोजणी करते आहे, आणि एका सकाळी त्यांनी मला चार माणसांदेखत रानाबाहेर काढले. जमिनीच्या दलालांनी या भागात लोकांना इतके पोळले आहे की त्यांची भीती मी समजू शकते. मात्र चौदा महिने रोज सकाळी रामराम घालणाऱ्या बाईला एकदा विचारावे, एवढेही त्यांना वाटले नाही, याचे दुःख अजून गेलेले नाही. ती मालिका तिथेच तुटली.

त्याहून जास्त लागले ते जाणत्या लोकांचे वागणे. एका प्रदर्शनासाठी मी बारा महिन्यांची बारा छायाचित्रे नेली होती. निवड करणाऱ्या गृहस्थांनी ती पत्त्यांसारखी चाळली आणि म्हणाले, मराठवाड्याचे द्यायचे तर भेगाळलेली जमीन द्या, नाहीतर पावसाळ्यातला धबधबा द्या. हे मधले कोण बघणार? आबा, आपण सगळे त्या मधल्यातच तर जगतो. भेगा आणि धबधबा यांच्यामध्ये पेरणी आहे, कोळपणी आहे, राखण आहे, काढणी आहे, आणि ज्या दिवशी काहीच घडत नाही असे दिवस सर्वांत जास्त आहेत. छपाई करणाऱ्या एका दुकानदाराने तर न विचारता माझ्या फेब्रुवारीच्या चित्रातले तपकिरी गवत हिरवे करून दिले आणि वर सांगितले की आता बरे दिसते. वाळलेले कुसळ हिरवे करणारा माणूस त्या गवतावर जगणाऱ्या मेंढरांना आणि चंडोलाला खोटे पाडतो, हे त्याला पटवून देण्याची माझ्यात त्या दिवशी ताकद नव्हती.

हा छंद कुठून आला, असे तुम्ही मला एकदा विचारले होते आणि मी नीट उत्तर दिले नव्हते. २०१९च्या सप्टेंबरात मी निवृत्तीच्या पैशांतून लडाखला गेले. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षभरात साधारण १०० मिलिमीटरच पाऊस-बर्फ पडतो, कारण पावसाचे ढग हिमालय अडवून धरतो. झाड नाही, गवत नाही, आणि तरीही तो उघडा डोंगर सकाळी जांभळट, दुपारी पांढुरका आणि संध्याकाळी तांब्यासारखा दिसतो. हवा विरळ आणि कोरडी असल्याने दूरची घळसुद्धा रेखीव दिसते. उजाड जमिनीवर पाहण्यासारखे काही नसते, हा माझा समज तिथे मोडला. तिथले ऊन मला आठच दिवस मिळाले. परतीच्या प्रवासात माझ्या मनात आले की आपला बालाघाटही पर्जन्यछायेतलाच आहे, सह्याद्रीने ढग आधीच रिकामे केलेला. त्याच्या अंगावरचे ऊन मी आयुष्यभर पाहत आले आणि एकदाही नीट पाहिले नाही. मराठवाडा म्हणजे काही लडाख नव्हे. इथे जून ते सप्टेंबर सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण तो येतो तेव्हा आणि येत नाही तेव्हा, दोन्ही वेळा जमिनीचा चेहरा बदलतो, आणि ते टिपायला आठ दिवस नव्हे, वर्षे लागतात.

ती वर्षे मला तुमच्या रानाने दिली. आज माझ्याकडे तेराशेहून अधिक सकाळी आहेत. त्यांतल्या कितीतरी तुमच्या सांगण्यामुळे नीट निघाल्या. पहिल्या वर्षी वळवाच्या पावसानंतर ओली काळी माती माझ्या चित्रांत करडी उतरत होती. समोर जे असेल ते मध्यम उजेडाचे आहे असे कॅमेऱ्याचे मापक धरून चालते आणि काळ्याला उजळून टाकते, हे मी पुस्तकात वाचले होते. पण तुम्ही पडद्यावर डोकावून म्हणालात, "ही आपली माती न्हाई, ही पांढरीची हाय," तेव्हा ते मला खरे कळले. त्या दिवसापासून मी उजेड एक टप्पा कमी करते आणि काळी जमीन काळीच राहते.

ज्वारीचेही तसेच. पौषात तुमची ज्वारी डोक्याएवढी झाली की बाभूळ, खिंड, पवनचक्क्या सगळे झाकून जाते आणि महिना-दीड महिना चित्रात कणसांशिवाय काही उरत नाही. मी ट्रायपॉड उंच करायचे, स्टूल आणायचे बेत करत होते. येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवशी रानातल्या कडब्याच्या कोपीपुढे भज्जी-आंबील वाढता वाढता तुम्ही म्हणालात की झाकू द्या, या दिवसांत आम्हालाही डोंगर दिसत नाही, ज्वारीच दिसते. मी स्टूल आणले नाही. ती झाकलेली चित्रे आज मला सर्वांत जवळची वाटतात, कारण त्यांत पाहणाऱ्या माणसाची उंची आहे. हुरड्याच्या दिवसांत कणसावरचे दव, मग दाण्याचा पिवळटपणा, आणि एका सकाळी काढणी होऊन पुन्हा मोकळे झालेले क्षितिज.

दसऱ्याच्या आसपासचा पिवळा तरवड, फाल्गुनात नाल्यापलीकडे पेटणारा पळस, चैत्र-वैशाखातली धूळ जिच्यात खिंड आठ-आठ दिवस पुसून जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती धूळ खाली बसून पवनचक्कीचे पाते न् पाते दिसू लागते ती सकाळ, हे सारे त्या चित्रांत आहे. तुम्ही ते पाहिले आहे, म्हणून लांबवत नाही.

एका सकाळीबद्दल मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गेल्या सप्टेंबरात, २०२५ साली, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि नाल्याने तुमच्या रानाचा खालचा तुकडा खरडून नेला. काढणीला आलेले सोयाबीन गेले, त्याखालची माती गेली आणि मुरूम उघडा पडला. मी कॅमेरा पिशवीतच ठेवून बांधावर उभी होते. दुसऱ्याच्या नुकसानीसमोर ट्रायपॉड उभा करणे मला जमत नव्हते. तुम्ही गुडघाभर चिखलातून आलात आणि म्हणालात, "काढा बाई. काल इथं रान व्हतं, हे कुणी तरी दाखवाया पायजे." त्या दिवशी कॅमेऱ्याची कळ तुमच्या शब्दामुळे दाबली गेली. ज्या माणसाचे वर्षाचे पीक डोळ्यांसमोर वाहून गेले, त्याने माझा संकोच ओळखावा आणि तो दूर करण्यासाठी चिखल तुडवत यावे, याला मी काय म्हणू? चांगुलपणा हा शब्द आपण फार सैल वापरतो. दुसऱ्याचे काम आपल्याला पुरते कळलेले नसले, तरी ते त्याला जिवापाड आहे एवढे ओळखून त्याच्यासाठी जागा ठेवणारी माणसे मी शिकलेल्यांत थोडी पाहिली आणि तुमच्या बांधावर रोज पाहिली.

तुमच्या घरी लावण्यासाठी मी बारा चित्रे छापून घेते आहे. या वेळी छापणाऱ्याच्या शेजारी मी स्वतः बसणार आहे. सप्टेंबरचे चित्र त्यांत ठेवायचे की नाही, ते वहिनींना विचारून कळवा. त्यांना ते रोज भिंतीवर नको असेल तर माझ्याकडेच राहील.

आणि एक विनंती आहे. मृग आठवड्यावर आला आहे. पेरणीच्या दिवशी त्या जागेला वळसा घालू नका. तिफण तिच्यावरून खुशाल जाऊ द्या. त्या जागेतही दाणा पडू दे. ट्रायपॉड मी पेरणीच्या दोन ओळींच्या मधून उभा करीन. त्या सकाळी मी लवकर येईन, तिन्ही दगड उचलून पदरात घेईन, बांधावर उभी राहीन आणि पेरून झाले की पावले मोजून ते पुन्हा जागच्या जागी ठेवीन.

आपली,
कॅमेरावाली बाई